हत्तीला किती चौकोन?

काचीगुडा, हैदराबाद

चि. मनूस,


तुझा निरोप मिळाला. निरोप कसला, प्रश्नपत्रिकाच ती! कॉलेजच्या मित्रांना जमवून तू १६७७चं भागानगर, म्हणजे आपलंच हैदराबाद, टेबलावर मांडणार. शिवाजी महाराजांची स्वारी, कुतुबशहा तानाशहाचा दरबार, आणि मधोमध मावळा येसाजी कंक विरुद्ध हत्ती. एकाला येसाजी व्हायचंय, एकीला हाफलिंग तिरंदाज. (भागानगरात हाफलिंग आला कुठून, असं तिला विचारलं नाहीस हे बरं केलंस. चारमिनारभोवती तेव्हा इराणपासून फ्रान्सपर्यंतची माणसं दिसत. त्यांत एखादा तीन फुटी तिरंदाज खपून गेला असता.) तिसऱ्याला जादूनं स्वतःला दुप्पट मोठं करून घ्यायचंय. आणि मला विचारतेस, अंग मोठं झालं की हत्याराची पोच किती वाढते, फेकीचा पल्ला किती वाढतो, आणि हत्तीची सोंड किती चौकोन धरायची? ‘मामा, तू फिजिक्सचा मास्तर, तूच सांग.’

आधी उत्तर सांगतो, मग रीत. पोच वाढते. पल्ला जवळजवळ वाढत नाही. आणि हत्तीच्या बाबतीत तुझं नवं पुस्तक चुकलंय, माझं जुनं बरोबर आहे.

माझं जुनं म्हणजे डीअँडडी या टेबलावरच्या खेळाच्या साडेतीन आवृत्तीचं, २००३ सालातलं. आबिड्सच्या रविवारच्या फुटपाथवर मिळालं. विकणाऱ्यानं मुखपृष्ठ उलटसुलट बघून ‘जादूटोने की दिखती मास्टर, ले जाओ’ म्हणत स्वस्तात दिलं. त्यात हत्ती ‘ह्यूज’ वर्गात आहे. तो पंधरा फुटांची जागा अडवतो, म्हणजे तुझ्या पाटावर तीन बाय तीन चौकोन, आणि त्याची पोच दहा फूट. तुझ्या २०१४च्या पुस्तकातही हत्ती ‘ह्यूज’च आहे, जागाही तेवढीच. पण पोच पाच फूट! येसाजीच्या रिकाम्या मुठीला पाच फूट आणि हत्तीलाही पाचच. नेहरू झूलॉजिकल पार्कात लहानपणी हत्तीपुढे उभी होतीस ना? वयात आलेल्या हत्तीची सोंडच सहा-सात फुटांच्या घरात जाते. त्यात तो मान पुढे काढतो, पाऊल टाकतो. पाच फूट हे त्याच्या सोंडेलासुद्धा पुरत नाहीत.

असं का झालं असावं, यावर माझा एक तर्क आहे. अगदी सुरुवातीच्या पुस्तकांना सगळंच मोजायची हौस होती. १९७८च्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आवृत्तीच्या शस्त्रांच्या तक्त्यात प्रत्येक शस्त्राची लांबी दिलेली असे आणि ते फिरवायला लागणारी जागाही. कुणी धावून आला तर ज्याचं हत्यार लांब त्याचा वार आधी. किती खरी गोष्ट! पण टेबलावर बसलेल्या पोरांना हे सगळं बघत बसायला वेळ कुठे? मग पाच फुटांचा चौकोन आला आणि जगातली सगळी अंतरं पाचाच्या पाढ्यात बसवली गेली. साडेतीनपर्यंत निदान ‘लार्ज’ वर्गातल्या ऑगर राक्षसाला दहा फूट पोच होती. २०१४त तोही पाच फुटांवर आला. खेळ चटपटीत झाला हे मान्य. पण नऊ-दहा फुटी ऑगर आणि तुझा हाफलिंग एकमेकांना सारख्याच अंतरावरून मारतात, हे मला काही पचत नाही.

आता पोच म्हणजे नक्की काय ते पाहू. खांद्यापासून मुठीपर्यंतचा हात, मुठीपासून टोकापर्यंतचं हत्यार आणि वार करताना पुढे टाकलेलं पाऊल, यांची ती बेरीज. साडेपाच फुटी माणसाचा हात मुठीपर्यंत साधारण दोन फूट भरतो. तीन फुटी हाफलिंगचा फूटभर, किंवा थोडा जास्त. म्हणजे हातात फरक पडला फुटाचा, फार तर पावलाचा आणखी फूटभर. पाच फुटांच्या चौकोनाला एवढा फरक दिसत नाही. म्हणून ‘स्मॉल’ आणि ‘मीडियम’ दोघांना पाचच फूट पोच देतात, आणि यात काही अन्याय नाही. तुझ्या मैत्रिणीनं कटकट केली तर पट्टी घेऊन तिचा हात मोज आणि धाकट्या भावाचा मोज.

दुप्पट मोठं झालं की मात्र चित्र बदलतं. हात दुप्पट, हत्यार दुप्पट, पाऊल दुप्पट, म्हणून बेरीजही दुप्पट. पाचाचे दहा. साडेतीनच्या पुस्तकानं ‘लार्ज’ला दहा फूट दिले ते याच हिशेबानं शोभतात. त्यातही एक बारकावा आहे, तो मला फार आवडतो. तिथे ‘लार्ज’चे दोन प्रकार केलेत, उंच आणि लांब. ऑगर उंच, म्हणून दहा फूट. घोडा लांब, म्हणून त्याला पाचच, कारण घोड्याचा मोठेपणा मागे पसरलेला असतो, पुढे पोचत नाही. हत्ती त्या पुस्तकात लांबांतच मोडतो, पण ‘ह्यूज’ वर्गातल्या लांबांना दहा मिळतात.

हत्यार कुणाच्या मापाचं, हा यातलाच पोटप्रश्न. सालारजंगच्या शस्त्रदालनात तू मला विचारलं होतंस, तलवारींच्या मुठी एवढ्या छोट्या का? जुन्या देशी तलवारीची मूठ हाताला घट्ट बसावी अशीच असते, त्यात पंजा सैल फिरत नाही. साडेतीनमध्ये हेच नियमात आहे. तीच दोन हाती तलवार ‘स्मॉल’च्या मापाची असेल तर दहा बाजूंचा एक फासा, ‘मीडियम’ची असेल तर सहाचे दोन, ‘लार्ज’ची असेल तर सहाचे तीन. परक्या मापाचं हत्यार उचललं तर मापाच्या प्रत्येक पायरीमागे दोनचा दंड. हिशेब किचकट आहे, पण हत्यार हाताच्या मापाचं हवं हे त्यानं ओळखलंय.

लांब हत्यारांबद्दल नवं पुस्तक जिथे अगदीच ढिलं पडलंय, ती जागा आता सांगतो. जुन्या नियमात लांब भाला पोच दुप्पट करतो, पण त्या बदल्यात जवळचा माणूस हातातून सुटतो. माणसाच्या हातातला भाला दहा फुटांवर लागतो, पाच फुटांवर नाही. ‘लार्ज’ राक्षसाच्या हातातला पंधरा आणि वीस फुटांवर लागतो, दहाच्या आत आलेल्यावर चालत नाही. म्हणजे जेवढा राक्षस मोठा, तेवढी त्याच्या पायाशी सुरक्षित जागा मोठी. २०१४त भालाईत अंगाला भिडलेल्यालाही त्याच भाल्यानं भोसकतो. इथे खेळातला जीवच गेला, असं मला वाटतं. कारण लहान माणसाची सगळी युद्धनीती त्या आतल्या जागेत शिरण्यात आहे.

आपल्याकडे याचं उदाहरण शोधायला लागत नाही. १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगडाचा पायथा. अफझलखान धिप्पाड होता आणि महाराज चणीनं लहान, यावर सगळ्यांचं एकमत आहे. इसामिया बाजारातल्या आपल्या मराठी ग्रंथ संग्रहालयात जाऊन सभासदाची बखर काढून वाच, भेटीचा प्रसंग त्यात आहे. खानानं मिठी मारली, मान बगलेत धरली, आणि त्याच क्षणी त्याच्या लांब हाताची किंमत शून्य झाली. आता जे चालेल ते वीतभर हत्यारच. वाघनख, बिचवा. साडेतीनमध्ये कुस्तीची पकड बसली की फक्त हलकं शस्त्र वापरता येतं, तलवार-भाला नाही. हा नियम लिहिणाऱ्यांना प्रतापगड ठाऊक असायचं कारण नाही, पण तो तिथे तंतोतंत लागू पडतो. तू नवी आवृत्ती खेळणार असलीस तरी एवढा नियम जुन्यातून उचल. लांब हत्यारवाल्याला लगतच्या चौकोनावर वार करताना डिसअ‍ॅडव्हान्टेज दे, म्हणजे दोन फासे टाकून कमी पडेल तो धरायचा. लगेच बघ, पोरं कशी आत शिरायला बघतात ते.

आता पल्ला. इथे मास्तरला थोडं फळ्याकडे वळू दे.

एक माणूस घे आणि तो सगळ्या बाजूंनी दुप्पट कर. स्नायूची ताकद त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते, ती चौपट होते. वजन घनफळावर ठरतं, ते आठपट होतं. त्याच्या मापाची बरचीही आठपट जड. चौपट ताकद आठपट वजनाला लावली की वेग वाढण्याचा दर निम्मा होतो. पण हात दुप्पट लांब असल्यामुळे तो दर दुप्पट अंतरभर लागू राहतो. निम्मे गुणिले दुप्पट. हातातून सुटताना बरचीचा वेग तेवढाच! म्हणजे पल्लाही तेवढाच. धनुष्याचंही तेच आहे. ओढ चौपट, ओढायचं अंतर दुप्पट, म्हणून साठलेली ऊर्जा आठपट, आणि बाणही आठपट जड. पल्ला पुन्हा जिथल्या तिथे. जो फरक पडतो तो लागल्यावर पडतो. आठपट जड बाण छातीत बसला तर काय होईल ते सांगायला नको.

हा विचार माझा नाही. बोरेली नावाच्या इटालियन गणितज्ञानं प्राण्यांच्या हालचालींवर लिहिलेल्या ग्रंथात उडीबद्दल असाच हिशेब मांडला होता. तो ग्रंथ रोममध्ये १६८०-८१त छापला गेला. महाराज गेले ते १६८०च्याच एप्रिलमध्ये. तुझ्या खेळातल्या भागानगराच्या भेटीनंतर तीनच वर्षांनी म्हण. हवं तर दरबारात एखादा युरोपी विद्वान आणून बसव आणि त्याच्या तोंडी हे घाल.

मैदानातही याची झलक दिसते. केनियाचा ज्युलियस येगो भालाफेकपटूंमध्ये तसा बुटकाच, पण २०१५च्या बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत त्यानं ९२.७२ मीटर फेकून सुवर्ण घेतलं. आपल्या नीरजनं नव्वदी ओलांडली ती २०२५त दोह्याला, ९०.२३ मीटर. उंची मदत करत नाही असं नाही, पण तंत्र आणि झपाटा तिला सहज भरून काढतात.

आणि तुझं पुस्तक उघडून बघ, तेही हेच म्हणतं. माणसानं फेकलेली बरची ३० फूट नेमकी आणि १२० फूट जेमतेम, ऑगरनं फेकलेलीही ३० आणि १२०. टेकडीवरचा राक्षस धोंडा फेकतो ६० आणि २४० फूट, त्याच्यापेक्षा कितीतरी थोर मेघराक्षसही तेवढाच. साडेतीनमध्येही लांब धनुष्याचा पल्ला शंभर-शंभर फुटांच्या टप्प्यांनी मोजतात आणि धनुष्य कुणाच्याही मापाचं असलं तरी टप्पा बदलत नाही. लिहिणाऱ्यांनी बोरेलीचा हिशेब करून हे ठरवलं असेल असं मला वाटत नाही. एक तक्ता कमी छापायला लागला एवढंच त्यांना दिसलं असेल. पण आळसानं का होईना, उत्तर बरोबर आलंय, आणि बरोबर उत्तराचे मार्क मी कधी कापले नाहीत.

दोन ठिकाणी मात्र काट मारतो. पहिली, हवेचा विरोध. वस्तू लहान होते तसं तिचं वजन झपाट्यानं घटतं, पण हवेला भिडणारी बाजू तेवढ्या झपाट्यानं घटत नाही. म्हणून हाफलिंगचा छोटा बाण सुटतो तेवढ्याच वेगानं, पण लवकर मंदावतो. त्याच्या पल्ल्यातून चौथा हिस्सा कापलास तर मी हरकत घेणार नाही. दुसरी काट त्यानं माणसाचं धनुष्य उचललं तर. २०१४चं पुस्तक म्हणतं, लांब धनुष्य ‘हेवी’ आहे, म्हणून ‘स्मॉल’ तिरंदाजाला डिसअ‍ॅडव्हान्टेज. म्हणजे बाण जातो सहाशे फूटच, फक्त चुकतो जास्त. हे उलटं आहे. छोट्या हाताला प्रत्यंचा कानापर्यंत ओढताच येत नाही, अर्ध्यावर अडकते. अर्धी ओढ म्हणजे साठलेली ऊर्जा पाव, आणि बाण तोच असेल तर पल्लाही पाव. सहाशेचे दीडशे. नेम चुकायचं काहीच कारण नाही, बाण पोचणारच नाही. २०२४च्या सुधारित पुस्तकानं अंगाचं माप काढून टाकलं आणि ‘हेवी’ धनुष्यासाठी डेक्स्टेरिटी तेरा मागितली. अर्धी सुधारणा. धनुष्य ओढायला चपळाई नाही, ताकद लागते. कुठल्याही तालमीत विचार.

तुझ्या त्या दुप्पट होणाऱ्या मित्राचं काय? त्याला पल्ला मिळणार नाही हे आत्ताच सांगून ठेव, नाहीतर ऐन लढाईत भांडेल. मंत्राच्या जुन्या मजकुरात उंची दुप्पट, वजन आठपट असं चक्क लिहिलंय. इतकं बरोबर लिहूनही ताकद वाढवलीय फक्त दोननं. दहाची बारा. त्यांच्याच तक्त्यानं तो शंभर पौंड उचलायचा, तो आता दोनशे साठ उचलेल. स्नायूच्या हिशेबानं चारशे उचलायला हवेत. पण त्याला त्याचं फार वाईट वाटू देऊ नकोस. स्वतःच्या आठपट वजनाला चौपटच ताकद आणि छेदानं चौपटच मोठी हाडं लाभलेला माणूस उभा राहतो हेच नशीब. हॉल्डेननं १९२६च्या एका निबंधात गोष्टीतल्या साठ फुटी राक्षसाचा हिशेब केला होता. पाऊल टाकताच त्याच्या मांड्यांची हाडं मोडतील, असा निष्कर्ष निघाला. हा हॉल्डेन १९५७त भारतात राहायला आला, इथलाच नागरिक झाला आणि १९६४त भुवनेश्वरला वारला. म्हणून मी त्याला आपल्यातलाच धरतो. मित्राला दहा फूट पोच दे, चपळाई कमी कर. आणि नव्या पुस्तकात ज्यादा मिळतो तो चार बाजूंचा फासाही राहू दे. नव्या पुस्तकात हा मंत्र पोच वाढवत नाही, हे मी अमान्य करतो.

राहिला येसाजी. ही गोष्ट लोकपरंपरेतली आहे. कुतुबशहानं विचारलं, तुमच्या फौजेत हत्ती किती? महाराज म्हणाले, माझा एकेक मावळा हत्तीच आहे. आणि येसाजी मैदानात उतरला. महाराज १६७७त भागानगरला आले, कुतुबशहाशी करार झाला आणि पुढे कर्नाटकची मोहीम निघाली, हा इतिहास. हत्तीची लढत ही आख्यायिका. आपल्या हैदराबादच्या मराठी घरांत ती जरा जास्तच रंगवून सांगतात, गाव आमचं ना! पण खेळापुरती आख्यायिका चालते, फक्त मांडणी नेटकी कर.

त्याच्या हातात पट्टा दे. पट्ट्याची मूठ लोखंडी खोबणीत असते, हाताचा पुढचा भाग झाकला जातो, मनगट वळत नाही. पातं म्हणजे हाताचाच पुढचा भाग होऊन बसतं. हात दोन फूट, पातं साडेतीन-चार, पाऊल दोन. झाले साडेसात-आठ. आणि समोर सोंड, मानेच्या झेपेसकट, तेवढ्याच्याच आसपास. म्हणजे पोच दोघांची सारखी! सोंड येसाजीपर्यंत येते तेव्हाच ती पट्ट्याच्या टप्प्यात येते. हत्तीच्या मस्तकापर्यंत पोचायची त्याला गरजच नाही. आख्यायिकेत वार सोंडेवर होतो. ज्यानं कुणी ती रचली त्याला हे कळत होतं.

गंमत बघ, पोच जास्त असलेला शत्रू मारायला आला की त्याच्या आलेल्या हातावरच वार करायची सोय पाथफाइंडर नावाच्या अशाच एका खेळानं केली, ‘स्ट्राइक बॅक’ नावाचं कसब आहे. पण त्याची अट अशी की मूळ हल्ल्याचा आकडा किमान अकरा हवा. म्हणजे अकराव्या पातळीचा योद्धा! येसाजीला ती पातळी द्यायला माझी ना नाही. पण हे कसब एवढं दुर्मीळ नसावं. ज्याला धीर आहे त्यानं स्वतःची पाळी राखून ठेवावी आणि सोंड आली की मारावं. एवढी मुभा तू सगळ्यांनाच दे.

लढत उघड्या मैदानातच ठेव असं मात्र नाही. पोरं हुशार निघाली तर अडचणीच्या जागेकडे पळतील, आणि त्यांना तशी जागा तू देऊन ठेव. गोवळकोंड्याच्या बालाहिसार दरवाजासमोर ती आडवी भिंत आठवते? दारावर सरळ धाव घ्यायला जागाच ठेवलेली नाही. फतेह दरवाजाच्या फळ्यांवर लोखंडी खिळे आहेत ते हत्तीच्या मस्तकासाठीच. तीन चौकोन रुंदीचं जनावर दीड-दोन चौकोनांच्या बोळात शिरलं की जुन्या नियमात हल्ल्याला उणे चार आणि बचावालाही उणे चार. मोठं अंग इथे येऊन महाग पडतं.

तेव्हा माझा निकाल असा. हत्तीला नऊ चौकोनांची जागा आणि दहा फूट पोच. पट्टा हातात असलेल्या येसाजीलाही दहा. हाफलिंगला पाच, त्याच्या मापाच्या धनुष्याला पल्ल्याचा पाऊण हिस्सा, माणसाच्या धनुष्याला पाव. जादूगार मित्राला मोठेपणी पोच दुप्पट, पल्ला होता तेवढाच. पुस्तक दाखवून कुणी वाद घातला तर मामानं सांगितलं म्हण. तेवढ्यानंही ऐकलं नाही तर मला फोनवर घे. आणि सोंडेवरच्या वाराला फासा किती पडला ते त्याच रात्री कळव, कितीही उशीर झाला तरी.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा